शहापूरची साडी आणि टपालाची पोचपावती

घरात लग्न ठरले की बस्ता बांधण्यासाठी घाट चढून बेळगाव गाठावयाचे, आणि बेळगावात उतरल्यावर पावले आपोआप शहापूरच्या खडेबाजाराकडे वळावयाची, हा गोमंतकातील व तळकोकणातील कुटुंबांचा रिवाज आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गादीवर मांडी घालून बसलेला दुकानदार, समोर उलगडत जाणारा घड्यांचा ढीग, काठपदर बोटांत धरून पारखणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया, भावाची घासाघीस आणि अखेरीस दुकानदाराने मागविलेला चहा, एवढे झाल्यावाचून साडीची खरेदी पुरी होत नसे. तो व्यवहार हातोहात होई. पैसे इकडून गेले आणि माल तिकडून आला, या दोन क्रियांत पळभराचेही अंतर नसे; त्यामुळे माल पोचला की नाही, हा प्रश्न उपस्थित होण्यास जागाच नव्हती.

ती जागा आता निर्माण झाली आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांतील अनेक घरांनी गेल्या काही वर्षांत दुकानदाराची मध्यस्थी वगळून थेट गिऱ्हाईक शोधण्यास प्रारंभ केला आहे. मागावरून उतरलेल्या साडीचे छायाचित्र घरातीलच एखादी मुलगी किंवा सून मोबाईलवर टिपते, व्हॉट्सॲपवरून ते फोंड्याला, मडगावला, सावंतवाडीला, मुंबईला जाते, पसंती कळते, यूपीआयने पैसे येतात आणि साडीचे पुडके टपालाने किंवा कुरिअरने रवाना होते. यात विणकराच्या पदरी चार पैसे अधिक पडतात आणि गिऱ्हाइकासही साडी स्वस्त पडते. आम्हांस या उद्योगाचे कौतुक वाटते. यंत्रमागावरच्या विणकराने सूत कोणाकडून घ्यावे, साडी कोणास घालावी आणि मजुरी किती मिळावी, हे सारे दुसऱ्याने ठरवावे, अशी स्थिती ज्या पेठेने दीर्घकाळ पाहिली, त्या पेठेत विणणारा माणूस स्वतः विकणारा होतो, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या नव्या व्यापाराच्या मुळाशी एक कमकुवत दुवा आहे, आणि आजच्या अग्रलेखाचा विषय तोच आहे. एक उदाहरण घेऊ. शहापूरच्या एका घरातून अठराशे रुपयांची साडी डिचोली तालुक्यातील एका गिऱ्हाइकाकडे निघाली. सूत, मजुरी, वीज आणि टपालखर्च वजा जाता विणकराच्या हाती दीडशे रुपये उरावयाचे आहेत. दहा दिवसांनी निरोप येतो की साडी पोचलीच नाही. पैसे परत करा. विक्रेत्याने पुडके साध्या टपालाने टाकले असेल, किंवा ओळखीच्या गाडीवाल्याच्या हाती दिले असेल, तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय असते? ‘आम्ही पाठविली’ एवढे एक वाक्य. त्या वाक्यास साक्षीदार नाही, तारीख नाही, शिक्का नाही. पैसे परत करावे तर एका साडीच्या नुकसानीची भरपाई करण्यास पुढल्या बारा साड्यांचा नफा खर्ची पडतो. न करावे तर गिऱ्हाईक व्हॉट्सॲपच्या दहा गटांत ‘शहापूरवाले फसवितात’ असे लिहून मोकळे होते. दोन्ही बाजूंनी मरण विणकराचेच.

गिऱ्हाईक खोटे बोलत आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा पुडके खरोखरच कोठेतरी अडकलेले असते, शेजारच्या घरी दिलेले असते किंवा पत्ता अपुरा म्हणून परतीच्या वाटेला लागलेले असते. काही वेळा मात्र माल कपाटात ठेवून पैसे मागणारा महाभागही भेटतो. आणि उलट बाजूने, पैसे घेऊन साडी पाठवावयाचीच नाही व ‘टपालात हरवली असेल’ असे सांगावयाचे, अशी लबाडी करणारे विक्रेतेही या बाजारात शिरलेले आहेत. प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांना वेगळे काढणारे साधन हाती नसले की सारेच संशयित ठरतात.

हे साधन टपाल खात्याने निर्माण केलेले आहे आणि ते आजचे नाही. दूर राहणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा टाकावा, हा प्रश्न या देशातील टपालाने फार पूर्वीच हाती घेतला होता. १८७७ साली व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू झाली; माल दारात आल्यावर पोस्टमनच्या हाती पैसे ठेवावयाचे आणि ते खात्याने विक्रेत्याकडे पोचते करावयाचे. पाठोपाठ १८८० साली मनीऑर्डर आली. मराठी ग्रंथव्यवहार आणि नियतकालिकांचा संसार कित्येक दशके या व्ही.पी.वर चालला. ‘वर्गणी संपली, पुढील अंक व्ही.पी.ने पाठवीत आहोत, कृपया सोडवून घ्यावा’ ही ओळ ज्यांनी वाचली आहे, त्यांना ‘व्ही.पी. परत आली’ या तीन शब्दांत संपादकाचे केवढे दुःख साठलेले असे, हेही ठाऊक असेल. जाण्यायेण्याचा खर्च पाठविणाराच्या डोक्यावर आणि माल परत घरी. ‘पोचल्यावर पैसे’ या आजच्या पद्धतीचे दुखणे नेमके हेच आहे. लहान विक्रेता तिला भितो, ते अकारण नव्हे.

आणखी एक सोय होती. अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग या नावाची. थोडे पैसे भरून कागदावर टपाल कचेरीचा शिक्का मारून घ्यावयाचा. पत्र टाकले एवढा पुरावा झाला. ते पोचले की नाही याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नव्हता, आणि पुष्कळदा टाकले तरी काय, हाही प्रश्नच होता. न्यायालयांनाही त्या शिक्क्याविषयी शंका वाटे. २०११ साली ही सोय बंद झाली आणि तीबद्दल फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत. रजिस्टर पत्राची गोष्ट वेगळी. त्या गुलाबी-निळ्या पावतीवर आणि सहीच्या पोचपावतीवर या देशातील सामान्य माणसाची श्रद्धा होती. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. १ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या धाकट्या भावाने थोरल्यास पोटात घेतले, असेच म्हणावयाचे. रजिस्टर स्वस्त पडत असे, ही तक्रार खरी आहे आणि आम्ही ती येथे नोंदवून ठेवतो. परंतु विलीनीकरणानंतर, १ ऑक्टोबर २०२५ पासून, दोन उपयुक्त सोयी स्पीड पोस्टास जोडण्यात आल्या. पाच रुपये व त्यावरील जीएसटी भरला की ‘रजिस्ट्रेशन’ होते, म्हणजे वस्तू पत्त्यावरील व्यक्तीस किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीसच द्यावयाची. तेवढेच पैसे वेगळे भरले की ओटीपीची सोय मिळते. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आलेला आकडा पोस्टमनला सांगितल्याखेरीज वस्तू हातात पडत नाही. दस्तऐवज आणि पार्सल या दोहोंसही या सोयी लागू आहेत. अठराशे रुपयांच्या साडीवर पाच-सहा रुपयांचा हा खर्च कोणास जड वाटावा, हे आम्हांस समजत नाही.

आता शहापूरपुरती एक खास अडचण. शहापूर नावाची गावे एक नव्हेत. ठाणे जिल्ह्यात तालुक्याचे शहापूर आहे, त्याचा पिन ४२१६०१. याच कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातही तालुक्याचे शहापूर आहे, त्याचा पिन ५८५२२३. इचलकरंजीतही एक शहापूर आहे, आणि गंमत अशी की तेथेही माग चालतात. आपले शहापूर १९४८ पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. इंग्रजांच्या बेळगावास लागून असलेली ही दुसऱ्या राजवटीतली पेठ. आज ते बेळगाव महानगराचा भाग आहे आणि त्याचा पिन ५९०००३. साडी येथून निघते तोवर घोटाळा कमी. परंतु गिऱ्हाइकाने नापसंत साडी परत पाठविताना नुसते ‘शहापूर, कर्नाटक’ लिहिले, की ती यादगीरची वाट धरते आणि पुढे दोन आठवडे दोघेही एकमेकांस खोटारडे ठरवीत बसतात. त्यात २०१४ च्या नोव्हेंबरपासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे; जुना गिऱ्हाईक बेळगाव लिहितो, यंत्र बेळगावी छापते, आणि पाकिटावर मराठी, कन्नड व इंग्रजी या तीन लिप्यांची सरमिसळ होते. या नावाच्या वादात आमची भूमिका आमच्या वाचकांस परिचित आहे; तिची पुनरुक्ती येथे नको. पार्सलास मात्र भूमिका नसते, त्याला पिन कोड लागतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेले ते सहा आकडे नेमक्या याच गोंधळावरचा उतारा होते. गोव्याचे आकडे ४०३ ने आरंभतात आणि बेळगावचे ५९० ने. टपाल खात्याच्या दप्तरी गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो व बेळगाव कर्नाटक परिमंडळात. तेव्हा चोर्ला घाटातून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या पणजीस जाणारे पुडकेसुद्धा एका परिमंडळातून दुसऱ्यात जाते, हे लक्षात ठेवावे.

पावतीवर छापलेला तेरा अक्षरांचा क्रमांक पुष्कळांनी पाहिला असेल, पण त्याचा अर्थ थोड्यांनीच लावला असेल. आरंभी दोन इंग्रजी अक्षरे. स्पीड पोस्ट असेल तर पहिले अक्षर ‘ई’. मग नऊ आकडे आणि अखेरीस भारताची खूण म्हणून ‘आय’ व ‘एन’. त्या नवांपैकी पहिले आठ हा वस्तूचा अनुक्रमांक, आणि नववा आकडा त्या आठांवरून गणिताने काढलेला पडताळा. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर पडताळा जमत नाही आणि यंत्र तो क्रमांक झिडकारते. ही पद्धत जागतिक टपाल संघाने ठरविलेली असल्याने शहापुरात छापलेला क्रमांक दुबईतील किंवा लंडनमधील टपाल कचेरीसही वाचता येतो. पुडके खिडकीवर घेतले गेले, पिशवीत भरले, छाननी केंद्रात उघडले, गावच्या कचेरीत पोचले, वाटपासाठी पोस्टमनकडे दिले, या प्रत्येक टप्प्यावर त्या पट्टीवर यंत्राचा डोळा फिरतो आणि तारीख-वेळ नोंदली जाते.

या नोंदीने काय सिद्ध होते, आणि काय होत नाही, याविषयी मात्र विक्रेत्यांत फार भोळ्या समजुती आहेत. पावतीने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: अमुक दिवशी, अमुक पिनकडे जाणारी वस्तू खात्याच्या ताब्यात दिली. दुसरी गोष्ट तिच्यावर छापलेली असते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती म्हणजे वजन. ‘पुडके आले, पण आत जुनी चिंधी होती’ किंवा ‘दोन मागविल्या, एकच आली’ अशी तक्रार आली, तर पावतीवरील ग्रॅमचा आकडा विक्रेत्याचा मूक साक्षीदार होतो. दोन नऊवारी साड्यांचे वजन एका साडीएवढे भरत नाही. म्हणून घडी करतानाचे, पुडके बांधतानाचे आणि पत्ता दिसेल असे एकेक छायाचित्र घ्यावे व ते पावतीसोबत जपून ठेवावे. संकेतस्थळावरील नोंद कायम दिसत राहील, असे गृहीत धरू नये. ‘वाटप झाले’ असे दिसताच तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

आता सिद्ध काय होत नाही ते. ‘वाटप झाले’ या दोन शब्दांनी वस्तू कोणाच्या हातात पडली, हे कळत नाही. ती शेजारणीने घेतली असेल, इमारतीच्या पहारेकऱ्याने घेतली असेल. सही असते, पण काचेवर बोटाने ओढलेल्या रेघेस सही म्हणावे काय, हा प्रश्नच आहे. परदेशांतील ठकांनी तर यावरही ताण केली आहे: त्याच पिन कोडमधील भलत्याच पत्त्यावर रिकामे पाकीट पाठवावयाचे आणि ‘पोचले’ ही नोंद गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकावयाची. तेव्हा गिऱ्हाइकानेही क्रमांकासोबत पावतीवरील नाव, पिन व वजन यांची मागणी करावी. प्रामाणिक विक्रेत्यास तीत अपमान वाटण्याचे कारण नाही. आणि ‘आपले पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकले आहे, पुढील दुव्यावर तपशील भरा’ असे संदेश टपाल खात्याच्या नावाने फिरत असतात, ते बनावट असल्याचा इशारा केंद्र सरकारच्या वृत्तखात्यास द्यावा लागला होता. साडीची वाट पाहणारी गृहिणी अशा संदेशास सहज बळी पडते. क्रमांक विक्रेत्याकडून थेट मिळालेला असेल, तर या सापळ्यात पाय पडण्याचे भय कमी.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, माल पाठविण्याचे ठरलेले असताना विक्रेत्याने तो वाहतूक करणाऱ्याच्या हवाली केला, की तो प्रथमदर्शनी गिऱ्हाइकास दिल्यासारखाच समजला जातो. एवढेच वाचून विक्रेता खूश होईल. परंतु त्याच कलमाचा पुढला भाग सांगतो की मालाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतुकीचा करार वाजवी असला पाहिजे; विक्रेत्याने त्यात हयगय केली आणि माल वाटेत हरवला, तर गिऱ्हाईक ती पोच अमान्य करू शकते. अठराशेची साडी कोणतीही नोंद नसलेल्या टपालाने सोडणे हे वाजवी ठरेल काय? आमच्या मते ठरणार नाही. याशिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकास स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणजे डिचोलीच्या गिऱ्हाइकाने गोव्यात तक्रार गुदरली, तर शहापूरच्या विणकराने माग बंद ठेवून घाट उतरावयाचा. २०२० चे ई-व्यापाराचे नियम मोठ्या कंपन्यांसाठीच आहेत, या भ्रमातही कोणी राहू नये. हौसेखातर कधीतरी एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीस ते लागू नाहीत, पण नियमितपणे धंदा करणारा घरबसल्या विक्रेता त्या सवलतीवर हक्क सांगू शकत नाही. अशा वेळी विणकराच्या पिशवीत पावती, वजन, वाटपाची नोंद आणि ओटीपीची खूण असेल, तर बहुधा प्रकरण तक्रारीपर्यंत जाणारच नाही. भांडण जिंकणे हा नोंदीचा दुय्यम उपयोग झाला. तिच्यामुळे भांडणच उभे राहत नाही, हा खरा.

येथवर आम्ही विक्रेत्यास उपदेश केला. खात्यासही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने वस्तू हरवणे, भलत्याकडे जाणे, उशीर होणे वा खराब होणे यांच्या जबाबदारीतून सरकारने स्वतःस मोकळे करून घेतले होते. या एका कलमाच्या खडकावर ग्राहक मंचांपुढील किती तक्रारी आपटल्या, त्याची गणती नाही. साम्राज्याच्या काळातील तो कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा आला आणि १८ जून २०२४ पासून अमलात आला. नव्या कायद्याचे दहावे कलम पाहिले, तर तेथेही सूर तोच: नियमांनी ठरवून दिलेली असेल तेवढी सोडून खात्यावर कोणतीही जबाबदारी नाही. स्पीड पोस्टची वस्तू हरवल्यास भरलेल्या शुल्काची दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असा दंडक वर्षानुवर्षे चालत आला. शंभर रुपयांच्या शुल्कावर दोनशे रुपये हाती आले म्हणून अठराशेची साडी भरून निघत नाही. विमा उतरविण्याची सोय आहे, पण खिडकीवरचा कर्मचारी ती आपणहून सांगत नाही आणि विणकरास विचारण्याचे सुचत नाही. स्वतः हात झटकून मोकळे राहणाऱ्या खात्याने निदान विक्रेता व गिऱ्हाईक यांच्यातील सत्य सांगणारी नोंद तरी निर्दोष ठेवावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. ओटीपी घेऊन दिलेल्या वस्तूची नोंद पाठविणारास छापील स्वरूपात, विनामूल्य आणि तक्रारीच्या मुदतीइतकी, म्हणजे पुरी दोन वर्षे, मिळण्याची तजवीज खात्याने करावी. कागद जपण्याचा काळ गेला. आकडे जपावयास कपाटे लागत नाहीत.

ओटीपीच्या सोयीवर गोव्याच्या बाजूने एक रास्त आक्षेप येऊ शकतो. सत्तरीतील, सांग्यातील, काणकोणातील कित्येक वाड्यांवर मोबाईलची रेंज घराच्या पायरीवर मिळते, ओसरीवर मिळत नाही. साडी मागविली मुलीने पणजीहून, आणि ती घ्यावयाची आईने गावात. ओटीपी जातो पणजीच्या मोबाईलवर, मुलगी कचेरीत कामात, पोस्टमन अंगणात ताटकळत. अशा ठिकाणी ओटीपीऐवजी ‘रजिस्ट्रेशन’ घ्यावे आणि आईचेच नाव पत्त्यावर घालावे, हे विक्रेत्याने आधी विचारून ठरवावयास हवे. आमचे पत्तेही मुलखावेगळे. ‘देवळाच्या मागे, अमक्या भाटाजवळ, तमक्या वाड्यावर’ हा पत्ता त्या गावच्या जुन्या पोस्टमनला पुरतो, बदलून आलेल्या नव्यास पुरत नाही. २०२५ च्या मे महिन्यात खात्याने डिजिपिन नावाची योजना जाहीर केली आहे. तीत चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनास दहा अक्षरांचा संकेत मिळतो. घरक्रमांकांचा घोळ असलेल्या आमच्या वाड्यांस ती उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. मात्र तो संकेत पोस्टमनच्या हातातील यंत्रावर दिसत नसेल, तर साऱ्याच खटाटोपास अर्थ उरणार नाही.

शहापूरचे काही जुने व्यापारी म्हणतील की पिढीजात गिऱ्हाइकाकडून ओटीपी मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु याच व्यापाऱ्यांच्या आजोबांनी पिढीजात गिऱ्हाइकाचे नाव खातेवहीत लिहिताना तारीख, रक्कम आणि साडीचा वाण टिपून ठेवला नव्हता काय? चोपडी लिहिणे हा अविश्वास नव्हता; उद्या स्मृती दगा देईल, या जाणिवेतून ती लिहिली जाई. शेजारच्या सराफ गल्लीत तर नोंदीशिवाय गुंजभर सोने हलत नसे. पेठेची जुनी शिस्त नव्या व्यापारात आणावयाची, एवढेच आम्ही सांगत आहोत. खर्चाविषयी म्हणावे तर नोंदीचे टपाल ही विक्रेत्याने करावयाची मेहेरबानी नव्हे आणि गिऱ्हाइकावर लादावयाचा दंडही नव्हे. साडीच्या किमतीतच तो खर्च धरावा व किंमत सांगतानाच तसे स्पष्ट करावे. ‘टपालखर्च फुकट’ अशी आमिषे दाखवून मागाहून साध्या टपालाने माल ढकलण्याची जी सवय काहींना लागली आहे, ती त्यांच्याच गळ्याशी येईल.

परदेशस्थ मराठी कुटुंबांशी व्यवहार करणाऱ्यांस तर नोंदीवाचून गत्यंतरच नाही. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने लहान पार्सलांची आयातशुल्काची सवलत काढून घेतली, तेव्हा २५ ऑगस्टपासून आपल्या टपालाने तिकडची सेवा थांबविली आणि ती १५ ऑक्टोबरपर्यंत सुरू झाली नाही. नवरात्राच्या तोंडावर अडकलेल्या पुडक्यांविषयी काय उत्तर द्यावे, हे ज्यांच्यापाशी क्रमांक होता त्यांना सांगता आले. इतरांना केवळ क्षमा मागावी लागली असेल.

राहता राहिली शहापूरच्या टपाल कचेरीची गोष्ट. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत येथून गोव्याकडे व कोकणाकडे जाणाऱ्या साड्यांची संख्या वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. विणकराने तासभर रांगेत उभे राहावयाचे म्हणजे मागाचा तासभर खोळंबा, आणि तो टाळण्यासाठीच पुष्कळजण पुडके गाडीवाल्याच्या हाती देऊन मोकळे होतात. या दिवसांत पार्सलांसाठी वेगळी खिडकी उघडावी, ती दुपारनंतरही चालू ठेवावी, ओटीपी, रजिस्ट्रेशन व विमा यांचे दर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत खिडकीवर लावावेत, आणि वीसहून अधिक पुडकी असतील तेथे ती घरून नेण्याची व्यवस्था करावी, अशी आमची बेळगाव विभागाच्या टपाल अधिकाऱ्यांस सूचना आहे. गोव्यातील टपाल अधिकाऱ्यांस आणखी एक: चवथीत घरे कुलूपबंद करून माणसे मूळ गावी जातात, त्या आठवड्यात परत आलेले पार्सल लगेच घाटावर धाडू नये, गिऱ्हाईक परतेपर्यंत ते कचेरीत राहू द्यावे आणि तशी चिठ्ठी दारात टाकावी.